सहामाळीचा हिवाळा

पौष सरत आला की आमच्या डोंबिवलीत दोन-तीन आठवडे असे येतात, की त्यांना थंडी म्हणावं तर पुण्याचे पाहुणे हसतात, आणि म्हणू नये तर सकाळी पहिला तांब्या अंगावर घेताना तोंडातून आपोआप रामाचं नाव निघतं. ओठ फुटतात, टाचा खरखरीत होतात. भाजीवालीच्या पाटीत ओल्या वालाच्या शेंगा, हरभऱ्याच्या जुड्या आणि पिवळट तांबूस बोरं दिसू लागतात. परवा ती बोरं निवडताना भाजीवाली म्हणाली, "घ्या ना आजी, गोड हायेत." मी एक तोंडात टाकलं. गोड कसलं, चांगलं आंबट होतं. त्या आंबटपणासरशी मला सहामाळी आठवली, आणि मी पाव किलोच्या जागी अर्धा किलो बोरं घेऊन बसले.

सहामाळी म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. कल्याणात स्टेशनाकडून खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ताडपत्र्या आणि दोरखंड बनवणाऱ्या एका कंपनीची कचेरी होती. तळमजला आणि त्यावर सहा माळे. दारावर पितळी अक्षरांत कंपनीचं लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण ते गावात कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. टांगेवाल्याला 'सहामाळी' म्हटलं की पुरे. ज्या गावात तिसरा माळा म्हणजे श्रीमंतीची कमाल, तिथे एकावर एक सहा माळे, आणि आत वरखाली करणारा पाळणा! रविवारी आसपासच्या खेड्यांतली माणसं ती इमारत नुसती पाहायला यायची. समोरच्या फुटपाथवर उभी राहायची, डोक्यावरची टोपी हाताने दाबून धरायची आणि मान मागे टाकून माळे मोजायची. दोघांचं मोजणं कधी जुळायचं नाही, मग वाद व्हायचा, आणि आमचा दरवान मोठ्या गंभीरपणे निवाडा द्यायचा.

आता ती नाही. काही वर्षांपूर्वी पाडली. कंपनी तर केव्हाच गुंडाळली गेली होती. मग तिथे वकिलांच्या कचेऱ्या आल्या, शिकवण्यांचे वर्ग आले, एक दाताचा दवाखाना आला. शेवटी भिंतीतून पिंपळ आला आणि महानगरपालिकेची 'धोकादायक' ही पाटी आली. पाडणार म्हणून कळलं तेव्हा माझ्या नातीला, सईला घेऊन मी पाहायला गेले. इमारत बांधतात खालून वर आणि पाडतात वरून खाली, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. सहावा आणि पाचवा गेलेले होते. चौथ्याच्या उघड्या पडलेल्या भिंतीवर कुणाच्या तरी कचेरीचा पोपटी रंग उन्हात लख्ख दिसत होता. चोहोबाजूंनी वीस-वीस मजल्यांचे मनोरे. सई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आजी, एवढीशीच होती?"

"एवढीशीच," मी म्हटलं, आणि मला हसू आलं. कारण त्या एवढ्याशा इमारतीने आमच्या घरातल्या एका माणसाला पंधरा दिवस जेवण गोड लागू दिलं नव्हतं.

तो माणूस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, ऑफिसात ते सामंत. मूळचे रत्नागिरीकडचे. कंपनी म्हणजे आंबिवलीला नदीकाठी एक पत्र्याची शेड आणि चार माणसं होती, तेव्हापासून ते तिच्यात होते. आवक-जावक त्यांच्याकडे. म्हणजे येणारं प्रत्येक पत्र नोंदवून ज्याचं त्याच्याकडे धाडायचं आणि जाणारं प्रत्येक पत्र नीट घडी घालून, पत्ता तपासून रवाना करायचं. "टपाल आणि दूध शिळं होता कामा नये," असं ते म्हणायचे. धोतर, काळा कोट, काळी टोपी. आवाज कधी चढायचा नाही, पण समोरच्याचा आपोआप उतरायचा.

प्रजासत्ताक होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. दसऱ्याला सहामाळीचं उद्घाटन झालं आणि दिवाळीनंतर मला तिथे टेलिफोनवर नोकरी लागली. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली. आमच्या घरातली नोकरीला जाणारी पहिली मुलगी. यावर घरात आठवडाभर चर्चा चालली. शेवटी आईने निकाल दिला, "अण्णांबरोबर जायचं, अण्णांबरोबर यायचं. त्यांची सावली आहे तोवर माझं काही म्हणणं नाही." त्या 'तोवर'कडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही. मी दोन नव्या साड्यांच्या आनंदात होते.

तळमजल्यावर शिरलं की डाव्या हाताला माझी काचेची खोली. समोर टेलिफोनचा बोर्ड, त्याच्या दोऱ्या आणि खुंट्या. कुणाची दोरी कुणाच्या भोकात घालायची हे चार दिवसांत हाताला कळलं, आणि मग मला त्या खोलीतून समोरचा जिना आणि लिफ्ट बघत बसायला सवड मिळू लागली. लिफ्ट उघडीवाघडी होती, म्हणजे तिच्या भोवती भिंत नव्हती, लोखंडी जाळी होती आणि त्या जाळीला वळसे घालत जिना वर गेला होता. लिफ्ट वर निघाली की आतल्या माणसाचे बूट सगळ्यांत शेवटी दिसेनासे व्हायचे. लिफ्टमन काशिनाथ म्हात्रे, इथलाच, खाडीकाठच्या गावचा. ही इमारत जिथे उभी राहिली तिथे त्याच्या मामाचं भाताचं खाचर होतं. पायासाठी खणलेल्या खड्ड्यात पाणी भरलं आणि बेडूक ओरडू लागले तेव्हा, "ही बिल्डिंग बसनार खाली," असं सबंध गाव म्हणत होतं, हे तो प्रत्येक नव्या माणसाला लिफ्ट दोन माळ्यांच्या मधोमध असताना सांगायचा.

अण्णा लिफ्टमध्ये बसत नसत. त्यांचं आवक-जावक पहिल्या माळ्यावर, तेव्हा त्यात कुणाला नवल वाटलं नाही. फक्त मी काचेतून रोज एक गोष्ट बघत होते. अण्णा जिना चढताना जाळीच्या बाजूने कधीच जात नसत. बाहेरच्या भिंतीला खांदा घासत, नजर पायरीवर ठेवून जात. कोटाच्या डाव्या खांद्याला चुना लागायचा आणि आई रोज तो झटकायची. पहिल्या माळ्याच्या वर ते गेलेले मी एकदाही पाहिले नाहीत. वरचं टपाल शिपाई नेई. मला वाटायचं, हुद्द्याचा मान असेल.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सूचना लागली. सव्वीस जानेवारीला या नव्या इमारतीवर पहिल्यांदाच झेंडा लागणार होता, आणि तो कंपनीच्या सर्वांत जुन्या सेवकाच्या हस्ते. खाली नाव होतं, श्री. सामंत. जागा, इमारतीची गच्ची.

बातमी आमच्या आधी चाळीत पोचली. आईने शिरा केला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अण्णा, खाडीवरनंसुद्धा दिसणार हो तुमचा झेंडा!" अण्णांनी मान डोलावली आणि शिरा बशीत तसाच ठेवला. संक्रांतीला त्यांनी गुळपोळीही अर्धीच खाल्ली. आईने विचारलं, तर म्हणाले, पोट जड आहे.

आणि दोन दिवसांनी माझ्या बोर्डावर आंबिवलीच्या कारखान्याची खुंटी लागली. तिथल्या अधिकाऱ्यांना आमचे मोठे साहेब, कारखानीस साहेब, हवे होते. मी जोडून दिलं. जोडल्यावर कान काढून घ्यायचा हा आमचा पहिला नियम, आणि मी तो पाळायची. पण त्या दिवशी खुंटी सोडायच्या आत कानावर पडलं, "तुमचे सामंत आमच्या गोदामात बदली मागतायत. चार दिवसांत व्हावी म्हणतात. भांडणबिंडण झालं का?" साहेब म्हणाले, "माझ्याकडे अर्ज आलेला नाही. आला की बघू."

मी खुंटी सोडली.  गोदामात बदली म्हणजे अण्णांचं आवक-जावक गेलं, वीस वर्षांची खुर्ची गेली. आणि अण्णा आंबिवलीला गेले की सावली गेली. आईचा तो 'तोवर' मला त्या क्षणी स्पष्ट ऐकू आला.

त्या काळी डोंबिवली स्टेशनापासून आमच्या चाळीपर्यंत शेताच्या बांधावरून वाट होती. भात कापून झालेलं, खाचरात पिवळी खुंटं, मध्येच कुणी वाल पेरलेला. संध्याकाळचं ऊन असं तिरपं यायचं, की आमच्या दोघांच्या सावल्या पुढच्या खाचरापर्यंत जायच्या. मी विचारलं, "अण्णा, तुम्ही आंबिवलीला बदली मागितलीत?"

अण्णा थांबले. "तू ऐकलंस?"

"कानावर पडलं."

"टेलिफोनवरचं ऐकायचं नसतं, वसू."

"पण मागितलीत ना?"

"आंबिवलीची हवा चांगली आहे," अण्णा म्हणाले. "नदी आहे. मोकळं आहे."

"आणि माझं काय?"

ते खाली वाकून धोतराला चिकटलेली कुसळं एकेक करून काढू लागले. निघण्यासारखी सगळी निघाली तरी काढत राहिले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर रागावले आणि घरापर्यंत दहा पावलं पुढे चालत गेले.

त्यानंतरचे दोन दिवस आम्ही बरोबर जात होतो, बरोबर येत होतो आणि बोलत नव्हतो. तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, वीज गेली.

वीज जाणं नवीन नव्हतं. नवीन होतं ते जिन्यातून आलेलं ओरडणं. काशिनाथ चहाला गेलेला, आणि कारखानीस साहेब घाईत होते म्हणून स्वतःच लिफ्ट घेऊन निघाले. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या माळ्याच्या मध्ये थांबली. काशिनाथ धावत आला, वर बघितलं आणि कपाळावर हात मारला, "बाय, साहेब अरकलं मधी!" गच्चीवरच्या खोलीत एक चाक होतं, ते फिरवून लिफ्ट हाताने खाली आणता यायची. पण त्या खोलीची किल्ली मेकॅनिकच्या खिशात, आणि मेकॅनिक ठाण्याला. मी ठाण्याला फोन लावला, तो निघाल्याचं कळलं. तेवढं सांगायला मी जिना चढून वर गेले.

दुसऱ्या माळ्याचं वळण घेतलं आणि मी तिथेच थबकले. वरच्या पायरीवर अण्णा बसले होते. जाळीला टेकून. ज्या जाळीच्या बाजूने ते कधी चालले नव्हते, तिला पाठ लावून, एका हाताने ती घट्ट धरून. डोळे मिटलेले होते. जाळीपलीकडे, अर्धवट अंधारात, कारखानीस साहेब लिफ्टच्या फरशीवर मांडी घालून बसलेले. सहा फूट उंच माणूस, ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने सहावा माळा उठून उभा राहायचा, त्यांचा टाय सुटला होता आणि ते मोठमोठ्याने श्वास घेत होते.

"सामंत, हवा नाहीये हो इथे," साहेब म्हणाले.

"आहे साहेब. जाळीच आहे सगळी. माझ्याकडे बघा," अण्णा डोळे मिटूनच म्हणाले. "बोलत राहा. काहीही बोला."

"काय बोलू?" साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं. "तुम्ही बोला. तुम्ही आंबिवलीला का जाताय ते सांगा."

 मी भिंतीला चिकटून उभी होते. खाली काशिनाथ कुणाला तरी दटावत होता तेवढाच आवाज. अण्णांनी खोटं सांगायचं ठरवलं असतं तर नदी आणि मोकळी हवा तोंडावर तयारच होती. पण समोरच्या माणसाचा श्वास लागलेला होता, आणि त्याला धरून ठेवील अशी एकच खरी गोष्ट त्यांच्यापाशी होती.

"मला उंचावर भीती वाटते, साहेब," अण्णा म्हणाले. "लहानपणी आमच्या परसातल्या जांभळीवर चढलो. आठ वर्षांचा होतो. वर गेलो आणि खाली बघितलं. उतरता येईना. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत फांदीला मिठी मारून बसलो. सगळी वाडी खाली जमली. कुणी हसलं, कुणी देवाला नारळ बोललं. शेवटी काका शिडी लावून वर आले आणि मला पोत्यात घालून उतरवलं. तेव्हापासून दुसऱ्या माळ्यावर जायचं म्हटलं तरी पायातलं बळ जातं. पहिल्या माळ्यावरसुद्धा मी खिडकीकडे पाठ करून बसतो. आणि तुम्ही मला गच्चीवर झेंडा लावायला सांगितलंत."

साहेब बघत राहिले. "मग हे सांगायचं नाही का, सामंत?"

"वीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही."

साहेबांचा श्वास जरा संथ झाल्यासारखा वाटला. "आत्ता तुम्ही कुठे बसलायत, ठाऊक आहे ना?"

"सांगू नका," अण्णा म्हणाले, आणि साहेब चक्क हसले. त्या अंधाऱ्या पिंजऱ्यातून, टाय सुटलेल्या अवस्थेत, मोठ्याने. मग म्हणाले, "आम्ही लहानपणी लपाछपी खेळायचो. मी भाताच्या रिकाम्या कणगीत शिरलो. वरून कुणीतरी झाकण ठेवलं आणि सगळे जेवायला गेले. अजून बंद खोलीत मला झोप येत नाही. ही लिफ्ट मीच मागवली, सामंत. संचालकांपुढे मीच म्हटलं, आधुनिक इमारत आहे, लिफ्ट हवी. आणि रोज सहा माळे मी श्वास धरून जातो."

तेव्हा अण्णांनी डोळे उघडले. मी तिथे उभी आहे हे त्यांना दिसलं. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, "वसू, खाली माझ्या टेबलात हलव्याचा पुडा आहे. आण."

संक्रांतीचा काटेरी हलवा, आईने कोळशाच्या शेगडीवर चार दिवस बोटं भाजून केलेला. जाळीच्या भोकातून पेला जात नव्हता, पण हलव्याचा दाणा जात होता. अण्णा एकेक दाणा आत सरकवायचे, साहेब तळहातावर घ्यायचे. "तिळगूळ घ्या, गोड बोला, साहेब." "गोडच बोलतोय सामंत, दुसरा इलाज आहे का?" असं त्यांचं सव्वा तास चाललं. मेकॅनिक आला, चाक फिरलं, लिफ्ट कण्हत दुसऱ्या माळ्यावर उतरली. साहेब बाहेर आले, टाय बांधला, आणि तोंडात हलवा असल्यामुळे काही न बोलता अण्णांचा हात दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

मग साहेबांनी अण्णांना बोलावून सांगितलं, गच्चीचं रद्द. झेंडा खाली दारासमोर लावू. कारण कुणाला कळायची गरज नाही. अण्णा 'बरं' म्हणाले. संध्याकाळी बांधावरून येताना मी म्हटलं, "झालं की मग मनासारखं." अण्णा 'हं' म्हणाले. पण ते खूश दिसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काचेतून पाहत होते. कारखानीस साहेब आले. लिफ्टपाशी थांबले. सगळ्यांना वाटलं, आज जिन्याने जातील. शेजारी अण्णा टपालाची थैली घेऊन उभे. साहेबांनी जाळी ओढली, आत पाऊल टाकलं आणि काशिनाथला म्हणाले, "एकच माळा. सावकाश." लिफ्ट निघाली, बूट दिसेनासे झाले, आणि मिनिटभराने साहेब जिन्याने खाली आले. चेहरा घामाने डबडबलेला. "उद्या दोन," ते काशिनाथला म्हणाले, आणि मग जिन्याने वर निघून गेले.

अण्णा थैली घेऊन तिथेच उभे होते. मग माझ्या काचेच्या खोलीत आले. कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, बदलीचा अर्ज. त्यांनी कधी कागद फाडलेला मी पाहिला नव्हता. लिहिलेला कागद त्यांच्या लेखी देव होता. तो त्यांनी चार तुकडे करून माझ्या टोपलीत टाकला. "सव्वीसला सहा दिवस आहेत," ते म्हणाले. "आणि माळे सहा आहेत. झेंडा गच्चीवरच लावू, साहेबांना सांगतो. डबा लवकर खात जा."

असा आमचा त्या हिवाळ्याचा प्रवास सुरू झाला. दुपारच्या सुट्टीत मी बोर्ड सांभाळायला दुसऱ्या मुलीला बसवायची आणि आम्ही दोघं चढायचो. पहिला माळा अण्णांचाच, तो पहिल्याच दिवशी सुटला. दुसऱ्या दिवशी दुसरा. तिथे नकाशे काढणारी माणसं उंच टेबलांवर ओणवी होऊन रेघा मारत, आणि खोलीभर शाईचा आणि थंड चहाचा वास. तिसऱ्या दिवशी तिसरा. तिथे टाइपरायटरांची एवढी खडखड, की अण्णा म्हणाले, "इथे भीतीचासुद्धा आवाज ऐकू येत नाही, बरं आहे." चौथ्यावर नमुन्याच्या ताडपत्र्या, राळेचा उग्र दर्प. पाचवा अजून रिकामा होता. नव्या लाद्यांवर ऊन पसरलेलं आणि खिडकीच्या कोनाड्यात पारव्यांनी संसार थाटलेला. तिथे अण्णा पहिल्यांदा खिडकीपासून चार पावलांवर उभे राहिले. माझं मनगट त्यांच्या हातात होतं. संध्याकाळपर्यंत त्यावर बोटांचे वळ होते. सहावा साहेबांचा, तिथे शेवटच्या दिवशी आम्ही दारापर्यंत जाऊन आलो.

वाटेत भेटणाऱ्यांना वाटे, सामंत लेकीला इमारत दाखवतायत. अण्णांनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. आणि खालून कधी लिफ्ट वर यायची, जाळीतून साहेबांचा चेहरा दिसायचा, ओठ घट्ट मिटलेले. आम्हाला पाहून ते बोटांनी खूण करायचे, तीन. अण्णा खूण करायचे, चार. एवढ्या मोठ्या हुद्द्याच्या आणि एवढ्या वयाच्या दोन माणसांना मी त्याआधी आणि त्यानंतर असं शाळकरी झालेलं पाहिलं नाही.

सव्वीसच्या सकाळी धुकं होतं. गच्चीवर दोनेकशे माणसं, कारखान्यातले कामगार, त्यांच्या बायका, काशिनाथच्या गावची मंडळी. कठडा कमरेएवढा. वर आल्यावर अण्णांनी फक्त साहेबांच्या बुटांकडे बघितलं आणि ते बूट जातील तिथे पाय टाकत झेंड्याच्या काठीपर्यंत गेले. दोरी आमच्याच कंपनीची, आणि कुणी तरी ती अशी बांधली होती की गाठ सुटेना. अण्णांनी दोनदा ओढली. वाऱ्याने त्यांचं धोतर फडफडत होतं. तिसऱ्या झटक्याला गाठ सुटली, झेंडूच्या पाकळ्या त्यांच्या टोपीवर पडल्या आणि झेंडा उघडला.

मला वाटलं, सुटलो. आणि मग राष्ट्रगीत सुरू झालं.

राष्ट्रगीताला कुणाचा हात धरून उभं राहता येत नाही. हे आम्हा दोघांनाही सहा दिवसांत सुचलं नव्हतं. मी तीन पावलांवर होते, साहेब दोन पावलांवर, आणि मध्ये अण्णा एकटे, हात सरळ खाली, चोहोबाजूंनी नुसतं आकाश.  त्यांनी मान वर केली आणि झेंड्यावर नजर लावली. आणि ते गात होते. आमचे अण्णा, जे आरतीतसुद्धा ओठ हलवून वेळ मारून न्यायचे, ते मोठ्याने, बऱ्याच बेसूर आवाजात गात होते. शेवटचा 'जय हे' संपेपर्यंत ते हलले नाहीत.

लोक पेढ्यांकडे वळले तेव्हा धुकं विरत होतं. पाण्याच्या टाकीला पाठ लावून अण्णा खाली बसले आणि तिथून, बसल्या बसल्या, त्यांनी पहिल्यांदा सगळीकडे पाहिलं. एका बाजूला खाडी, तिच्यावर दुर्गाडीचा बुरूज आणि दोन शिडाची होडकी. उत्तरेला शहाडकडची धुराडी. आग्नेयेला मलंगगडाचा सुळका. दक्षिणेला खाचरांच्या चौकोनांपलीकडे थोडी झाडं आणि थोडी कौलं.

"ती डोंबिवली का गं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"एवढीशी!" ते म्हणाले, आणि कौतुकाने बराच वेळ बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वसू, आता उतरायचं कसं?"

उतरायला आम्हाला पाऊण तास लागला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कारखानीस साहेब, मध्ये अण्णा, रामरक्षा म्हणत, एक पायरी, एक ओळ. साहेब लिफ्टने जाऊ शकले असते. त्या दिवसापर्यंत ते चार माळ्यांपर्यंत पोचले होते. पण ते म्हणाले, "मला आज सुट्टी द्या, सामंत." काशिनाथ रिकामी लिफ्ट घेऊन आमच्या बरोबरीने माळ्यामाळ्याला थांबत खाली येत होता आणि, "बाबा, बसा ना आत," असं दर वळणावर विनवत होता. अण्णा मान हलवायचे आणि पुढची ओळ म्हणायचे.

मी पुढे तीन वर्षं तिथे नोकरी केली, लग्न होईपर्यंत. अण्णा निवृत्त होईपर्यंत आवक-जावकवरच राहिले. ती जागा, तो जिना, त्या खिडक्या आता हवेत आहेत, म्हणजे खरोखरच हवेत. कारण तिथे आता पत्र्यांच्या कुंपणामागे एक खोल खड्डा आहे आणि कुंपणावर तीस मजल्यांचं चित्र. पण त्या दिवशी दुपारी आम्ही घरी पोचलो तेव्हाचं मला लख्ख आठवतं. सगळी चाळ दारात उभी. आई पायावर घालायला पाणी घेऊन पुढे आली. वहिनींनी विचारलं, मुलांनी विचारलं, आणि शेवटी आईने विचारलं, "अहो, सांगा तरी. कसं झालं वर?"

अण्णांनी टोपी काढली, खुंटीला लावली आणि म्हणाले, "वर वारा फार आहे. पुढच्या वर्षी मफलर न्यायला हवा."